वाचवल्यास पन्नास गुण

सहलीच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, 'उन्हाचे मलम सोबत आणावे' आणि 'मौल्यवान वस्तू ज्याच्या त्याने सांभाळाव्यात' या दोन सूचनांच्या मध्ये एक ओळ होती : 'बोटीवरील कर्मचाऱ्यांना बक्षिसी देणे ऐच्छिक आहे.' बाकीचे पान मी एकदाच वाचले. ही ओळ मात्र निघेपर्यंत रोज वाचत होतो. ऐच्छिक म्हणजे दिली नाही तरी चालते, इतपत मलाही कळते. पण खरोखरच चालत असते तर ती ओळ कोणी छापली नसती.

या ओळीला एवढे महत्त्व येण्याचे कारण असे की बाकी सगळा खर्च मेहुण्याने केला होता. आमच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त त्याने बहिणीला आणि मला पाच दिवसांची समुद्रसफर भेट दिली. बोट, जेवणखाण, पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण, सगळे त्यात आले होते. "भावोजी, तुम्ही फक्त बुडी मारायची," असे तो फोनवर म्हणाला. म्हणजे माझा हात खिशाकडे जाईल अशी पाच दिवसांत एकच जागा उरली होती आणि ती ऐच्छिक होती.

मी एका मोठ्या कार्यालयाच्या मूल्यमापन विभागात आहे. वेतनवाढ कोणाला द्यावी हे आमचा विभाग ठरवत नाही. कोणाला का देता येत नाही, हे ठरवतो. या कामात मला बरे नाव आहे. माझ्या टिपणीनंतर वेतनवाढ मिळालेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

बोटीवर आम्ही आठ ग्राहक होतो. कप्तान होता, आचारी होता आणि आम्हाला चौघाचौघांच्या दोन तुकड्या करून पाण्याखाली नेणारा एक पाणबुड्या होता. त्याला सगळे लांबू म्हणत. तो इतका उंच होता की बोटीच्या आत त्याला सगळीकडे वाकूनच हिंडावे लागे, त्यामुळे तो मुळात होता त्याहून जास्त नम्र वाटे.

पहिल्या दिवशी लांबूने मला रबरी पोशाखात घातले. मी पोशाख घातला असे म्हणत नाही, कारण त्यात माझा काही वाटा नव्हता. पोशाख मी घरून कळवलेल्या मापाचा होता आणि कळवलेले माप लग्नाच्या वेळचे होते. लांबूने आधी माझे पाय त्यात भरले, मग मला शिडीचा दांडा धरायला लावला, पोट आत घ्यायला सांगितले आणि माझ्या कमरेला गुडघा टेकवून पाठीवरची चेन वर ओढली. मग हवेचे ते धूड सिलिंडर एका हाताने उचलून माझ्या पाठीला बांधले. काचेवर वाफ धरू नये म्हणून मास्कमध्ये आतून थुंकून चोळावे लागते. भीतीने माझ्या तोंडाला कोरड पडली होती. लांबू सरळ माझ्या मास्कमध्ये थुंकला, बोटाने चोळला, समुद्रात खळबळला आणि माझ्या तोंडावर चढवला. एवढे माझ्या सख्ख्या भावानेही केले नसते.

पाण्याखाली काय पाहिले असे कोणी विचारले तर मला लांबूच्या मनगटाचे सविस्तर वर्णन करता येईल. ते मी पूर्ण वेळ दोन्ही हातांनी धरून होतो. वर आल्यावर मी बायकोला सांगितले की समुद्राखाली विलक्षण शांतता असते.

"त्याच्या हातावर वळ उठलेत बघ," ती म्हणाली. ती स्वतः माशासारखी पोहते. लांबूला तिने एकदाही धरले नव्हते.

संध्याकाळी आम्ही डेकवर चहा घेत बसलो होतो. आमच्यात एक निवृत्त न्यायाधीश होते आणि एक दातांच्या डॉक्टर बाई होत्या. डॉक्टर बाईंनी कप्तानाला सहज विचारले, "पगार बरा देतात का हो तुम्हाला?"

"देतात थोडा," कप्तान म्हणाला. "मालक म्हणतात, पगार कमी असला तरी तुम्हाला टिप मिळते ना. आणि गिऱ्हाईक म्हणतं, टिप कशाला, तुम्हाला पगार मिळतो ना." त्याने हे हवामान सांगावे तसे सांगितले. "माझं चाललंय. लांबूचं तेवढं यंदा जमायला पाहिजे. डावा कान गेलाय त्याचा. पाण्याच्या दाबाने होतं आमच्यात. डॉक्टर म्हणाले, हंगाम संपायच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर उजवाही जाईल. मग पाण्यात उतरणं बंद. तोवर कानावर टोपी घट्ट बसवल्याशिवाय उतरू नको म्हणालेत. घर पगारावर चालतं त्याचं, कानाचं टिपवर बघायचं."

हे ऐकून आम्हा सगळ्यांना वाईट वाटले. मलाही वाटले, याची नोंद व्हावी. कप्तान उठून गेल्यावर मात्र प्रत्येकाला आपापले तत्त्व आठवले.

"बक्षिसी ही सरंजामी प्रथा आहे," न्यायाधीश म्हणाले. "आपण देत राहतो म्हणूनच मालक पगार वाढवत नाही. त्या लांबूचं खरं हित आपण न देण्यात आहे."

"मी दात काढते, तेव्हा मला कोणी वर काही देतं का?" डॉक्टर बाई म्हणाल्या. "उलट शिव्या देतात. तोंडात कापूस असतो म्हणून मला कळत नाहीत, एवढंच."

"ज्याला द्यायचं त्याने द्यावं आणि गप्प बसावं," माझी बायको म्हणाली. "यात चर्चा कसली?"

"वहिनी, भावनेच्या भरात दिलेली टिप अन्याय्य असते," न्यायाधीश म्हणाले. "एकाला जास्त मिळते, एकाला कमी."

इथे मी खुर्ची पुढे ओढली. मी म्हणालो की द्यावी की न द्यावी हा प्रश्नच चुकीचा आहे. कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करावे, गुण द्यावेत आणि गुणांनुसार बक्षिसी द्यावी, म्हणजे देणाऱ्याला दिल्याचे दुःख नाही आणि घेणाऱ्याला न मिळाल्याचे नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली. पैसे आत्ताच काढावे लागणार नाहीत, हे सर्वांच्या एकाच वेळी लक्षात आले असावे. तिथल्या तिथे समिती झाली. न्यायाधीश अध्यक्ष, मी सचिव. बायकोने सदस्यत्व नाकारले आणि ती पोहायला गेली.

निकष ठरवायला फार वेळ लागला नाही. सिलिंडर उचलून बांधणे, पाच गुण. मास्कमध्ये थुंकणे, दोन गुण; ग्राहक स्वतः थुंकल्यास शून्य. हसतमुख चेहरा, आठ. हसू ओढूनताणून आणलेले असल्यास चार. पाण्याखाली कासव दाखवणे, दहा. असे करत करत आम्ही पन्नासपर्यंत आलो. उरलेल्या पन्नासांचे काय करावे हे कोणाला सुचेना. तेव्हा न्यायाधीश गंभीर आवाजात म्हणाले, "शेवटी माणसाचा जीव सगळ्यात मोलाचा." ते सर्वांना पटले आणि 'ग्राहकास बुडताना वाचवणे' याला एकरकमी पन्नास गुण ठेवण्यात आले. साठांच्या वर गुण पडतील त्याला बक्षिसी, साठांच्या खाली मनःपूर्वक आभार. कारभार पारदर्शक असावा म्हणून तो तक्ता मी स्वयंपाकाच्या खोलीबाहेर चिकटवला.

कप्तानाने तो उभ्याउभ्या वाचला. "साहेब, कोणी बुडालंच नाही तर कोणालाच साठ पडणार नाहीत."

"मग कोणी बुडू नये अशी तुमची इच्छा नाही का?" मी विचारले.

तो सुकाणूकडे निघून गेला. मी तो मुद्दा आपल्या बाजूने निकाली निघाला असे धरले.

दुसऱ्या दिवशी बोटीवरचे सगळे वातावरणच पालटले. लांबू हसतमुख झाला. पाण्याखालीही तो हसू लागला, त्यामुळे तोंडातल्या नळीच्या कडेने त्याच्या पोटात खारे पाणी जाऊ लागले. कासव एकच होते. ते त्याने आठही जणांना आठ वेगवेगळ्या बाजूंनी दाखवले. दुपारी ते कासव तो भाग सोडून निघून गेले.

जेवणाची वेळ झाली तरी जेवण लागेना. चौकशी केली तेव्हा समजले की तक्त्यात जेवणाला गुणच नाहीत. ही चूक माझी होती. जेवण मिळणारच, असे आम्ही गृहीत धरले होते. आचाऱ्याने तक्ता दोनदा वाचला, गॅस बंद केला, एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि चड्डीवर येऊन डेकच्या कठड्याशी उभा राहिला. तो कोणाच्या तरी बुडण्याची वाट बघत होता.

त्याला फार वाट बघावी लागली नाही. न्यायाधीश शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून पाय धूत होते. आचाऱ्याने मागून त्यांना मिठी मारली आणि ओढत डेकवर आणून पालथे घातले. "बचावले," तो म्हणाला. ते बघून लांबूने डॉक्टर बाईंना पाण्याबाहेर काढले. त्यांची बुडी अजून संपायची होती. मी बोटीच्या मागच्या बाजूला गोड्या पाण्याच्या शॉवरखाली उभा होतो. साबण डोळ्यांत गेला म्हणून मी जरा हात हलवले असतील. कप्तान सुकाणू सोडून धावत आला आणि त्याने मला खांद्यावर टाकून टॉवेलसकट उन्हात नेऊन ठेवले. बायकोने तेवढे कोणाला जवळ येऊ दिले नाही.

"ताई, एकदाच," आचारी तिच्या मागे मागे फिरत होता. "जास्त नाही, गुडघाभर पाण्यात."

"मला पोहता येतं," ती म्हणाली. "तू डाळ चढव बघू."

गंमत अशी की सुरुवातीला आम्हाला हे आवडले. आपल्याला कोणीतरी वाचवते आहे या भावनेत मोठे सुख असते. डॉक्टर बाईंनी तर स्वतःला दुसऱ्यांदा वाचवून घेतले, कारण पहिल्या वेळी फोटो नीट आला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी मी गुणांची बेरीज केली आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. कप्तान, आचारी आणि लांबू, तिघांनाही शंभराच्या जवळपास गुण होते. म्हणजे तिघांनाही पूर्ण बक्षिसी द्यावी लागणार होती.

मी तातडीची बैठक बोलावली. आमच्या विभागात असे प्रसंग येतात. सगळे कर्मचारी उद्दिष्ट गाठू लागले की उद्दिष्टात काहीतरी दोष आहे असे समजावे, हे आमचे पहिले तत्त्व. मी दुरुस्ती मांडली. एक, सबंध सफरीत एका ग्राहकाला एकदाच वाचवता येईल. आधी झालेले वाचवणे त्यात धरले जाईल. दोन, धोका खरा होता असे दोन साक्षीदारांनी सांगितले पाहिजे. साक्षीदार स्वतः बुडत नसावेत. तीन, विनाकारण किंवा मर्यादेबाहेर वाचवल्यास पन्नास गुण वजा. दुरुस्ती टाळ्यांच्या गजरात संमत झाली. न्यायाधीशांनी माझ्या मसुद्याची खास तारीफ केली आणि मी त्या दिवशी फार खुशीत होतो, हे लपवत नाही.

आचारी पुन्हा एप्रन घालून आत गेला. लांबूने हसणे बंद केले.

शेवटच्या दिवशी शेवटची बुडी होती. लांबू एकामागून एक दोन्ही तुकड्यांना घेऊन गेला आणि सगळ्यांना घेऊन वर आला. मी मात्र वर आल्यावर शिडी धरली नाही. पाच दिवसांत एकदा तरी आपण लांबूचे मनगट न धरता पोहलो असे घरी सांगता यावे म्हणून मी मुद्दाम बोटीला एक वळसा घ्यायला निघालो. वळशाच्या अर्ध्यावर पाण्याला ओढ होती. ती कोणी तिथे लावली होती असे नाही, ती रोजच असते आणि लांबू रोज आम्हाला तिथून लांब ठेवत असे. बघता बघता बोट लहान व्हायला लागली. एक लाट तोंडात गेली, दुसरी नाकात. मी दोन्ही हात वर करून हलवले.

डेकवरून लांबूने मला बघितले. त्याने कानाची टोपी नुकतीच काढली होती. कप्तानही कठड्याशी आला.

"साहेब, तुमचं एकदा झालंय," कप्तान ओरडला. "शॉवरचं."

"हे खरं आहे," मी ओरडलो. तोंडात पाणी असताना माणूस खरे बोलत असला तरी तसे वाटत नाही.

"साक्षीदार लागतील दोन," कप्तान म्हणाला. मी त्याला दोष देत नाही. पन्नास गुण वजा झाले तर लांबू चाळीस-पंचेचाळीसवर येणार होता, आणि त्याच्या कानाचे कप्तानाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

न्यायाधीश टॉवेल गुंडाळून पुढे आले. त्यांनी कपाळावर हात धरून माझ्याकडे निरखून पाहिले. "मला इथून चष्म्याशिवाय नीट दिसत नाही," ते म्हणाले. "दिसत नसताना साक्ष देणं योग्य होणार नाही." डॉक्टर बाई म्हणाल्या की हात हलवतो आहे म्हणजे जिवंत आहे.

"अरे बुडतोय तो," माझी बायको किंचाळली. "मी सांगते ना."

"वहिनी, जवळच्या नातेवाइकाची साक्ष," न्यायाधीश हळहळून म्हणाले.

बायकोने पाय कठड्यावर टाकला होता, पण तिच्याआधी लांबू पाण्यात पडला. टोपी घालायला तो थांबला नाही. तो आला, त्याने बुडीसाठी माझ्या कमरेला बांधलेला वजनाचा पट्टा सोडला, मला उताणे केले आणि माझ्या हनुवटीखाली हात घालून ओढत निघाला. मध्ये एकदा लाटेने आम्ही दोघेही खाली गेलो, चांगले खोल. तेव्हा मी पुन्हा त्याचे मनगट धरले. मी मरणार असे मला अगदी साधेपणाने वाटले आणि त्या वेळी एकही तत्त्व आठवले नाही.

डेकवर मी बराच वेळ ओकत होतो. लांबू बाजूला उजव्या कानावर तळहात दाबून बसला होता. बायको त्याच्याशी बोलत होती आणि तो मान हलवत होता, पण ती जे विचारत होती त्याचे ते उत्तर नव्हते.

बोट किनाऱ्याला लागायच्या आत गुण जाहीर करणे भाग होते. समिती बसली. मर्यादेबाहेर वाचवले, पन्नास वजा. न्यायाधीश म्हणाले, "नियम आपण केला आहे, आपणच मोडला तर लांबूवर अन्याय झाला असं तोच उद्या म्हणेल." कप्तान आणि आचारी 'एका ग्राहकाला एकदाच' या नियमाने आधीच साठांच्या खाली आले होते. लांबूला चव्वेचाळीस गुण पडले. खाली सचिव म्हणून माझी सही हवी होती. माझ्या नाकातून तेव्हाही खारे पाणी येत होते. मला लाज वाटली. ती खरी होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी सही केली.

पण मी अगदीच दगड नाही. समिती उठल्यावर मी एकटाच लांबूकडे गेलो. पाकीट हातात होते. उघडलेही होते. मग मी विचारात पडलो की द्यायचे तरी किती? थोडे द्यावेत तर माझ्या जिवाची किंमत तेवढीच ठरते. पुष्कळ द्यावेत तर त्याने पैशासाठी उडी मारली असे होते. एवढ्या मोठ्या उपकाराला नोटांत मोजणे म्हणजे त्या माणसाचा अपमान. त्याचा अपमान माझ्या हातून होऊ नये असे मला फार तीव्रतेने वाटले. मी पाकीट मिटले, त्याचे हात हातात घेतले आणि एक छोटेसे भाषण केले. माझ्या आयुष्यातले सर्वांत मनापासूनचे भाषण होते ते. ते संपेपर्यंत तो माझ्या ओठांकडे बघत होता.

मी बाजूला झाल्यावर बायको आली. तिने पर्स लांबूच्या ओंजळीत उलटी केली. नोटा, चिल्लर, परतीच्या टॅक्सीसाठी वेगळे ठेवलेले पैसे, सगळे. बंदरावरून स्टेशनपर्यंत आम्ही सामान घेऊन चालत गेलो आणि ती माझ्या चार पावले पुढे होती. तेव्हा माझ्या मनात जे आले ते सांगतो : बरे झाले, घरातून एकदा दिले गेले.

घरी आल्यावर मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, टिप दिलीत ना? ते लोक त्यावरच असतात."

"दिली की," मी म्हणालो. "आम्ही सगळ्यांत जास्त दिली." बायको समोरच बसली होती. तिने माझ्याकडे बघितले आणि उठून आत गेली. पुढे हंगाम संपला तेव्हा तिने कप्तानाला फोन केला. ऑपरेशनला पैसे पुरले नाहीत आणि आता घाईही उरली नाही, असे तो म्हणाला. लांबू सध्या किनाऱ्यावर सिलिंडर भरण्याचे काम करतो. तिथे ऐकू यावे लागत नाही.

ही हकीकत ऐकून लोक मला तोंडावर नालायक म्हणतात. म्हणावेच. तुम्हीही आत्ता म्हणालात. टोपी न घालता त्याने उडी मारली तेव्हा तुमच्या मनात एक आकडा येऊन गेला : मी असतो तर याला इतके दिले असते. चांगला घसघशीत आकडा होता. मी पाकीट मिटले तेव्हा तर तुम्ही तो रागाने आणखी वाढवला. आता फक्त एवढे समजा की ती रक्कम आज संध्याकाळी, घरी कोणाशी चर्चा न करता, तुमच्याच खिशातून जायची आहे. बघा आकडा. आधी होता तेवढाच आहे का? कितीने कमी केलात ते मला सांगू नका. कारण मात्र जरूर कळवा, आमची समिती अजून बरखास्त झालेली नाही आणि चांगली कारणे आम्हाला नेहमीच कमी पडतात.